राखून ठेवलेली जागा

लाखनी
२६ जुलै २०२४

प्रिय मंगेशदादा,

सलाम. भंडारा रोड स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत तू दारात उभा राहून माझी वाट पाहत होतास, असं लेकाला निरोप द्यायला आलेले मामा सांगत होते. मी येणार नाही हे तुला कळवायचं तेव्हा कोणालाच सुचलं नाही. आता तुझा मोबाईल नाशिकच्या पाळक-विद्यालयाच्या ऑफिसात जमा आहे आणि पहिलं वर्ष संपेपर्यंत तो मिळायचा नाही, म्हणून हे पत्र.

झालं असं. त्या सकाळी माझी बॅग दुकानाच्या बाकावर होती आणि बाबा एका ट्रकच्या चाकात हवा भरत होते. "एवढा ट्रक वाटेले लावतो, मंग तुले स्टेशनवर नेतो," म्हणाले. मग हवेचा पाईप त्यांच्या हातून सुटला आणि ते चाकाला टेकून हळूच खाली बसले. दमलेला माणूस बसतो तसे. शेजारच्या चहावाल्या शकुंतलाबाईंना वाटलं, चक्कर आली असेल. मी जवळ जाऊन पाहिलं तर उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परवा घरी आणलं. उजवा पाय थोडा हलतो, हात नाही. वाचा गेली आहे. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. बोलायला गेले की कशाला विचारल्यासारखा एकच शब्द बाहेर येतो, "कायले". पाणी हवं तरी कायले, कूस बदलायची तरी कायले. जे बाबा वर्षानुवर्षं दर रविवारी मंडळीपुढे उभे राहून शास्त्रपाठ वाचत, त्यांच्याजवळ एवढाच शब्द उरला आहे.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी प्राचार्यांना सगळं कळवलं. त्यांनी लिहिलं की पुढच्या जुलैपर्यंत माझी जागा राखून ठेवतील. तेवढा वेळ लागणारच नाही म्हणा. दिवाळीपर्यंत बाबा उठून बसतील आणि मी दुसऱ्या सत्राला येईन. मंडळीच्या शिबिरात मी सगळ्यांसमोर साक्ष दिली होती की प्रभूनं मला त्याचं वचन बोलायला बोलावलं आहे. तू शेजारीच उभा होतास. ज्यानं बोलावलं तो वाटही करील.

तिथलं सगळं लिही. काहीही गाळू नकोस.

तुझी,
दामिनी


नाशिक
११ ऑगस्ट

प्रिय भगिनी दामिनी,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. सकाळच्या प्रार्थनेत मी काकांचं नाव घेतलं आणि सर्व विद्यार्थ्यांनी आमेन म्हटलं.

या प्रसंगात तू धीर सोडू नयेस. योसेफाला त्याच्या भावांनी खड्ड्यात टाकलं, पुढे तो तुरुंगातही पडला, पण देवाची योजना त्यातूनच पुरी झाली. मोशेनं राजवाडा सोडून रानात मेंढरं राखली. ज्याला देव मोठ्या कामासाठी निवडतो, त्याला तो आधी लहान जागी बसवतो. तुझी ही परीक्षा नाताळापर्यंत सरेल, असं मला मनापासून वाटतं.

इथे सगळं उत्तम आहे. पहाटे घंटा होते, मग चिंतन, मग वर्ग. उपदेशाच्या वर्गात माझा पहिलाच उपदेश सरांना आवडला. ते म्हणाले, आवाज चांगला आहे, मांडणी स्वच्छ आहे. बाबांना फोनवर ते सांगण्याची परवानगी मला ऑफिसातून मिळाली. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. आनंद झाला असावा. आमच्या घरात आज्यानंतर ते पाळक झाले, आता तिसरा मी.

मुलींच्या वसतिगृहात खिडकीजवळची एक खाट रिकामी आहे. ती तुझीच, असं अंजू नावाची मुलगी सांगत होती.

तुझा,
मंगेश


लाखनी
१९ सप्टेंबर

मंगेशदादा,

योसेफाचं आणि मोशेचं मला पुन्हा लिहू नकोस. योसेफाला तुरुंगात बोलायला माणसं होती.

तू सगळं लिहितोस, मग माझंही वाच. दुकानामागची आमची खोली तू पाहिली आहेस. बाबांची खाट आता दाराशी आणली आहे. तिथे थोडा वारा येतो. दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. हायवेवरून ट्रक गेला की वरचे टिन थरथरतात आणि बाबा डोळे मिटतात. पाठीला जखम होऊ नये म्हणून मी त्यांना सारखी कुशीवर वळवते. ते मला लाजतात. बापाला लेकीनं धुवायचं, पुसायचं, याची त्यांना फार लाज वाटते आणि ती लाज रागातून बाहेर पडते. परवा त्यांनी डाव्या हातानं वरणाचा वाडगा भिंतीवर फेकला. मी भिंत पुसत होते आणि ते रडत होते, कायले, कायले, करत.

ट्रकवाले अजून थांबतात. हॉर्न देतात, शटर पाहतात. एकानं आत डोकावून विचारलं, "केवळरामभाऊ कुठी गेले?" बाबा खाटेवरून त्याच्याकडे पाहत होते, त्याला ओळखू आले नाहीत.

बाजाराला जायचं तर शकुंतलाबाईंना बसवून जावं लागतं. त्यांचं दुकान सोडून त्या किती वेळ बसणार. म्हणून मी धावत जाते आणि धावत येते. रविवारीही तसंच. उपासनेत बसले की अर्धं लक्ष घड्याळाकडे. मागच्या रविवारी एक बाई जवळ येऊन म्हणाली, पोरी, मन लावून प्रार्थना कर, विश्वासात कुठं कमी पडून राहिली ते पाह्य.

मामा भंडाऱ्याहून आले होते. चहा घेतला, प्रार्थना केली आणि म्हणाले, "इथं हायेस तवरी लेकरांची रविवारची शाळा घे. तेवढंच सेवेचं काम." मी नाही म्हटलं. लहान लेकरांना चित्रं रंगवायला देण्यासाठी मला बोलावणं झालेलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांना ते लागलं, हेही मला दिसलं.

मला तुझा हेवा वाटतो, दादा. पहाटेच्या घंटेचासुद्धा. त्या खाटेवर दुसऱ्या कोणाला झोपू देऊ नका.

दामिनी


नाशिक
२० ऑक्टोबर

प्रिय दामिनी,

उत्तराला उशीर झाला. सध्या आम्हाला आठवड्यातले काही दिवस इथल्या एका दवाखान्यात पाठवतात. रुग्णांना भेटायचं, त्यांच्यासोबत प्रार्थना करायची. त्यातच वेळ जातो.

विशेष काही नाही. तू हेव्याचं लिहिलंस त्यावर काय लिहू कळत नाही. तू जिथे आहेस तिथे का आहेस, हे तरी तुला ठाऊक आहे.

बाबांना माझ्याबद्दल काही लिहू नकोस. म्हणजे, मी ठीक आहे एवढंच सांग.

मंगेश


लाखनी
१५ डिसेंबर

मंगेशदादा,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण रागावले होते. मी इथे का आहे हे मला ठाऊक आहे, असं तू कोणत्या तोंडानं लिहिलंस. पण आता राग नाही. जे झालं ते मामांनाही सांगितलेलं नाही. तुला सांगते.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी निघून गेले. आधी ठरवलेलं असं काही नव्हतं. बाबांना जेवण भरवलं, ते झोपले, मी चूल पुसली, आणि मग पाहते तर माझ्या हातात बॅग होती. जुलैपासून ती तशीच भरलेली होती. मी बाहेर आले, दाराला बाहेरून कडी घातली आणि नागपूरच्या बसमध्ये बसले. वाटलं होतं, नागपूरहून गाडीनं तुमच्याकडे येईन. पुढचा विचार केला नव्हता. शकुंतलाबाईंना कळेलच, त्या मामांना बोलावतील, मामा काहीतरी करतील. एवढंच.

बसमध्ये खिडकीतून वारा लागला आणि मला इतकं बरं वाटलं की मी हसले. खोटं कशाला लिहू. कारध्यापर्यंत मला एकदाही बाबांची आठवण झाली नाही. तिथे बस थांबली. समोर वैनगंगेचा पूल, पलीकडे भंडारा. एक म्हातारा बाप्या चढत होता, त्याचा पाय पायरीवर नीट येत नव्हता. कंडक्टरनं त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं आणि म्हातारा त्याच्याकडे पाहून हसला. मला आठवली ती कडी. ती मी बाहेरून लावली होती. आत काही झालं तर त्यांना हाकही मारता येणार नव्हती.

मी उतरले. परतीची बस येईना, तेव्हा एका तांदळाच्या पिकअपवाल्याला हात केला.

घरी पोचले तर दार उघडं होतं आणि शकुंतलाबाई बाबांचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. बाबा खाटेवरून पडले होते आणि सरपटत दारापर्यंत आले होते. शकुंतलाबाईंनी वर पाहून मला विचारलं, "कुठी गेली होती माय?" त्यांनी बॅग पाहिली. मग म्हणाल्या, "तुया बाप गाणं म्हणून राहिला होता. मले वाटलं रेडू लागला. मंग वाटलं, याच्या घरी रेडू कुठी हाय?"

दादा, बाबा गात होते. माझा आजा, बाबांचे बाबा, सानगडीच्या तलावात मासे धरायचा, त्यानं बाप्तिस्मा घेतल्यावर एक भजन जोडलं होतं. ते आमच्या घरापुरतंच आहे. "थांब नावाड्या, थांब जरासा, डोंगा काठाले लागू दे." बाबांना माझ्या नावानं हाक मारता आली नाही, म्हणून त्यांनी ते भजन म्हटलं. शब्द सगळे बरोबर होते. मी त्यांच्याजवळ बसले, तर त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. आणि मग बोलायला गेले, तर पुन्हा कायले.

मी बॅग रिकामी केली.

दामिनी


नाशिक
१२ जानेवारी २०२५

दामिनी,

तुझं पत्र मी चॅपेलच्या मागे बसून वाचलं. तू लिहिलंस, खोटं कशाला. मग मीही लिहितो.

मी इथे ठीक नाही. ऑगस्टमध्ये सरांनी स्तुती केली तो उपदेश मी बाबांच्या जुन्या उपदेशावरून केला होता. आवाजही बाबांचाच काढला. सगळ्यांना आवडला. तेव्हापासून मी तसंच करत आलो आहे. दवाखान्यात मात्र ते चाललं नाही. एक म्हातारी बाई होती, कोणी भेटायला न येणारी. तिनं माझा हात धरून म्हटलं, बाळा, माझ्यासाठी प्रार्थना कर. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पाठ असलेलं एक वाक्य आलं, दुसरं आलं, आणि ती माझ्याकडे पाहत होती. मग तिनंच माझा हात थोपटला. म्हणाली, राहू दे, जरा उशी नीट कर. मी उशी नीट केली, पाणी पाजलं. ती झोपली. त्यानंतर मी तिच्याकडे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा फक्त उशी आणि पाणी केलं. तिसऱ्यांदा खाट रिकामी होती.

मला कधीच पाचारण झालं नाही, दामिनी. शिबिरात तू साक्ष द्यायला उभी राहिलीस, तुझा चेहरा मी पाहिला, आणि मला वाटलं, मलाही असंच काहीतरी होत आहे. बाबा मागच्या रांगेत बसले होते. मीही उभा राहिलो. मग बसता येईना.

इथे चारी बाजूंनी चांगली माणसं आहेत आणि मला श्वास घेता येत नाही. फाटक दिवसभर उघडं असतं. कोणी अडवत नाही. तरी पाय निघत नाही, कारण निघालो तर भंडाऱ्याला जावं लागेल, आणि बाबा दारात उभे असतील. तू कडी बाहेरून लावलीस. मी आतून लावून बसलो आहे.

यातलं बाबांना काही कळू देऊ नकोस.

मंगेश


लाखनी
२३ फेब्रुवारी

मंगेशदादा,

मामांना मी काही सांगणार नाही. ते तुझं तूच सांगशील. कधी, ते मी विचारत नाही. तू उभा राहिलास त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. तू माझ्यामुळे उभा राहिलास असं माझ्या मनात आलंही होतं आणि त्याचा मला गर्व वाटला होता. म्हणजे तुझ्या कडीला माझाही थोडा हात लागला आहे.

इकडचं सांगते. ते गाण्याचं मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात विचारलं. नागपूरहून तिथे सत्यभामा मॅडम येतात, वाचा गेलेल्यांवर उपचार करतात. त्या म्हणाल्या, बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच ठिकाणी राहत नाही. एक घर पडलं तरी दुसरं शाबूत असू शकतं. त्यांनी मला पद्धत दाखवली. आज्याच्या भजनाची चाल घ्यायची, त्यात लहानसं वाक्य बसवायचं, बाबांच्या डाव्या हातावर ताल धरायचा. मी "पानी दे मले" बसवलं. डिसेंबर, जानेवारी, तेच एक वाक्य. कित्येकदा वाटलं, पाईप उचलावा आणि कंप्रेसर चालू करून नुसता आवाज ऐकत बसावं. मागच्या महिन्यात एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि मागून आवाज आला, गाण्यात नाही, सपाट, घोगरा. "पानी दे." मी पाणी दिलं. ते प्याले.

हे शकुंतलाबाईंच्या चहाच्या बाकावरून गावभर झालं. सानगडीकडच्या पार्वताबाई त्यांच्या नवऱ्याला, भैयालालजींना, घेऊन आल्या. त्यांचंही असंच झालेलं. मी त्यांच्या हातावर ताल धरून आज्याचं भजन सुरू केलं, तर ते नुसते पाहत राहिले. मी पुन्हा म्हटलं, अजून मोठ्यानं म्हटलं. पार्वताबाई म्हणाल्या, "बाई, ह्ये त्याहिले येत नाई. ते दंडारीत गात होते." मला शरम वाटली. मी माझंच गाणं त्या माणसाच्या तोंडात कोंबत होते. मग पार्वताबाईंकडून मी दंडारीच्या खेळातलं त्यांचं गाणं शिकले. राजाचं सोंग आहे ते. त्या चालीत "भूक लागली" बसवलं.

त्याच वेळी मामा आले. दारात उभे राहून ऐकलं आणि मला बाहेर बोलावलं. "आपल्या घरात हे काय गाऊन राहिली पोरी? लोक काय म्हणतील?" आत बाबा डाव्या हातानं खाटेच्या दांडीवर भैयालालजींच्या गाण्याचा ताल धरून होते. मामांनी ते पाहिलं. चहा न घेता गेले.

लेकरांची रविवारची शाळा मी घ्यायला लागले आहे. कोणी पुन्हा विचारलं नव्हतं. मीच गेले.

दामिनी


नाशिक
६ एप्रिल

दामिनी,

मी प्राचार्यांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, ऑगस्टपासून. म्हणाले, "मग एवढे दिवस हे ओझं एकटा का वाहत होतास?" त्यांनी मला वर्ष पुरं करायला सांगितलं, पण उपदेशाचा वर्ग सोडून त्या वेळात स्वयंपाकघरात काम करायला. मी भांडी घासतो. बाबांना पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

प्राचार्यांनी तुझी चौकशी केली. जुलैला येणार का, हे त्यांना मेअखेरपर्यंत हवं आहे. आणखी एक मुलगी वाट पाहते आहे.

मी विचार केला आहे. वर्ष संपलं की मी लाखनीला येतो. दुकान उघडीन, पंक्चर काढायला शिकेन, काकांचं सगळं करीन. तू ये इकडे. तुझं पाचारण खरं आहे, ते वाया जाऊ नये. मी तुझ्या जागी राहतो, तू माझ्या जागी ये.

तुझा,
मंगेश


लाखनी
१८ मे

मंगेशदादा,

असं पत्र यावं म्हणून मी वर्षभर प्रार्थना केली. ते आलं आणि मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. तरी रोज काढून वाचत होते.

मला कळेना की मला जायचं नाही, की मी भ्याले आहे. वर्षभर एका खोलीत राहून माणूस खोलीसारखा होऊन जातो. म्हणून मी बाबांनाच विचारलं. ते आता तीन-चार शब्द जोडतात, मधे थांबतात, चुकलं की चिडतात. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते किती तरी वेळ तोंड हलवत राहिले. मी मदत करायला गेले तर हातानं थांबवलं. मग म्हणाले, "माह्यासाठी... थांबू नोको."

मी म्हटलं, मग कोणासाठी थांबू? त्यावर त्यांनी डोळे मिटले.

दोन दिवस मी त्यांच्यावर रागावले होते. मला वाटलं होतं, ते रडतील, जाऊ नको म्हणतील, आणि मग मी त्याग केला असं मला म्हणता येईल. त्यांनी ते काढून घेतलं. त्यांच्यासाठी नाही, तर मग थांबण्यात माझं स्वतःचं काय आहे, ते मला पाहावं लागलं. पाहिलं तर एवढंच होतं: भैयालालजींनी परवा पार्वताबाईंना त्यांच्या नावानं हाक मारली, आणि पार्वताबाई तोंडावर पदर घेऊन बाहेर पळाल्या. ते पाहताना मला शिबिरातल्यासारखं काही झालं नाही. चेहरा उजळला वगैरे काही नाही. फक्त मला दुसरीकडे कुठे असावंसं वाटत नव्हतं.

मी सत्यभामा मॅडमना विचारलं, हे शिकायचं तर काय करावं लागतं. त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी बीए सांगितलं. या शिक्षणाला बारावी विज्ञान लागतं. म्हणजे मला मुक्त विद्यालयातून बारावीचे विषय पुन्हा द्यावे लागतील, मग प्रवेश मिळाला तर पुढची चार वर्षं. त्या म्हणाल्या, "नीट विचार कर. तुझ्या वयाच्या मुली तेव्हा नोकरीत स्थिर झालेल्या असतील." घरी येऊन मी फिजिक्सचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरच अडकले. पुन्हा एक खोली, पुन्हा दार बंद. खरं सांगते, मी खूप रडले.

प्राचार्यांना मी लिहिलं आहे की ती जागा त्या मुलीला द्यावी.

आणि तू इथे येऊ नकोस, दादा. येशील तर मला आवडेल, पण तू मामांचं दार चुकवायला येशील. माझ्यासाठी येऊ नकोस. तुला तिथे उशी नीट करावीशी वाटली होती. त्याचं काय ते आधी पाहा.

दामिनी


नाशिक
२२ जून

दामिनी,

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. आता नाही.

त्याच दवाखान्यात मला वॉर्डात काम मिळालं आहे. कपडे बदलणं, खाटा ढकलणं, बेडपॅन. राहायला मागे एक खोली आहे. पहिल्या दिवशी विद्यालयातली मुलं प्रार्थनेला आली, तेव्हा मी बादली घेऊन कोपऱ्यात उभा होतो. एकानं मला पाहिलं आणि नजर वळवली. मला वाटलं होतं मरण येईल. आलं नाही. त्या वॉर्डात एका आजोबांना भरवायचं होतं, ते केलं.

बाबांकडे गेलो होतो. दारात नव्हते, आत होते. जेवायला वाढलं, बोलले नाहीत. निघताना मी पाया पडलो तर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्याचा अर्थ मला माहीत नाही. वाट पाहीन.

मंगेश


लाखनी
१३ जुलै

मंगेशदादा,

तुझा मोबाईल आता तुझ्याजवळ आहे. तरी लिहिते. फोनवर मी एवढं सांगू शकणार नाही.

काल मी भंडाऱ्याला गेले, बारावीच्या अभ्यासकेंद्रात नाव घालायला. बाबांजवळ भैयालालजी आणि पार्वताबाई बसले होते. दोघं बाप्ये एकमेकांशी काय बोलले असतील देव जाणे, पण मी निघाले तेव्हा ते माझ्याकडे पाहतही नव्हते.

केंद्रात गर्दी होती. सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, त्यांच्यासोबत त्यांचे आईबाप. मी रांगेत उभी होते. माझ्या पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, "काकू, तुमचा नंबर माझ्यानंतर." मी मान हलवली. वर्षभरापूर्वी याच महिन्यात मी गाडीत बसून उपदेश शिकायला निघणार होते, हे मनात आलं आणि गेलं.

खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "ॲडमिशन कोणाची? मुलाची का मुलीची?"

मी म्हटलं, "माझी."

त्यानं वर पाहिलं. मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मग त्यानं पेन उचललं आणि विचारलं, "नाव सांगा."

मी नाव सांगितलं. मोठ्यानं, कारण पंख्याचा आवाज फार होता.

तुझी,
दामिनी